पेंडीच्या तपासणीचा पैसा कुणी द्यायचा?

वाचकाचं पत्र :
«मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेची संचालिका आहे. गेल्या पावसाळ्यात गोळी पेंडीचा एक लॉट आला आणि आठवड्याभरात निम्म्या गोठ्यांतलं दूध उतरलं. काही जनावरांनी दावणीत तोंडच घातलं नाही. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते पोती तुमच्याकडे भिजली. दाद कुठं मागायची कळेना. आता सर्वसाधारण सभेत ठराव मांडायचा विचार आहे, की पशुखाद्याची सरकारी तपासणी व्हावी आणि खर्च पेंड बनवणाऱ्यांकडून घ्यावा. माझा चुलतभाऊ निपाणीजवळ लहानशी पेंडीची मिल चालवतो. तो म्हणतो, 'आक्का, तू माझ्याच पोटावर पाय देतीस.' संस्थेचे सेक्रेटरी म्हणतात, ज्याची तपासणी त्याचाच पैसा घेतला तर तपासणारा त्याचाच होणार. खर्च सरकारनं करातूनच करावा. मी काय मांडू? घरात भांडण नको आहे, पण गप्पही बसवत नाही.»

आक्का, सस्नेह नमस्कार.

ठराव मांडा. खर्च पेंड बनवणाऱ्यांकडून घ्यावा हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते कसं घ्यावं हे ठरावात नीट लिहिलं पाहिजे. तसं लिहिलं तर सेक्रेटरींची भीती मिटते आणि तुमच्या भावाची मिलही वाचते. मोघम लिहिलं तर दोघांची शंका खरी ठरेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मागच्या पावसाळ्यात दूध उतरलं ते त्या लॉटमुळेच, हे आज सिद्ध करता येणार नाही. पेंड संपली, पोती फाटली, नमुना कुणी ठेवला नाही. बुरशी असेल, युरिया जास्त पडला असेल, भाताचा तूस नाही तर शेंगांची टरफलं दळून घातली असतील, किंवा पोती खरंच कुणाच्या तरी पडवीत भिजली असतील. तपासणीची व्यवस्था नसली की असंच होतं. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि नुकसान गोठ्यातच राहतं.

ही व्यवस्था का नाही, ते सभेत लोकांना सांगा, कारण बहुतेकांना वाटतं की दुधाचे नमुने घेणारं खातंच पेंडही बघत असेल. अन्नसुरक्षेचा जो २००६ चा कायदा आहे, त्यात 'अन्न' या शब्दाच्या व्याख्येतूनच जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. म्हणजे तुमच्या कॅनमधलं दूध कायद्याखाली येतं, पण ते दूध ज्या पेंडीतून आलं ती पेंड त्या अर्थानं बाहेर राहते. याचा परिणाम काय झाला ते केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दूध सर्वेक्षणात दिसलं. देशभरातल्या १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. युरिया, डिटर्जंट घातलेलं दूध सापडेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तसे नमुने अगदी मोजके निघाले. पण ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ते दुधात कुणी मिसळत नाही. ते वैरण आणि पेंडीतून येतं, आणि त्यांच्यावर देशात नियंत्रण नाही, हे प्राधिकरणानं तेव्हा स्वतःच म्हटलं.

हे विष येतं कसं ते थोडं खोलात सांगतो, कारण सभेत हाच मुद्दा लोकांना पटेल. मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड यांच्यावर ओल राहिली की एक हिरवट-पिवळी बुरशी धरते. ती बुरशी अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. गाईनं ते खाल्लं की त्यातला साधारण एक ते दोन टक्के भाग, जास्त दूध देणाऱ्या गाईत सहा टक्क्यांपर्यंत, एम-१ होऊन दुधात उतरतो, तोही एका दिवसाच्या आत. दूध उकळलं तरी ते जात नाही. पेंड बंद केली की तीन-चार दिवसांत दूध परत साफ होतं.

आता हिशेब बघा. मिश्र पशुखाद्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस २०५२, त्यात बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आहे. एखादी गाय दिवसाला चार किलो गोळी पेंड खाते आणि दहा लिटर दूध देते असं धरा. पेंड मानकात बसणारी असेल तर तिच्या पोटात ८० मायक्रोग्रॅम जातं, दोन टक्क्यांनी १.६ दुधात येतं, म्हणजे लिटरला ०.१६. आपल्याकडची दुधाची मर्यादा ०.५ आहे, तेव्हा चालून जातं. पण पेंडीत हेच १०० असेल तर लिटरला ०.८ होतं आणि दूध नापास. यात वैरणीतून, घरच्या भरड्यातून येणारं धरलेलंच नाही. युरोपात दुधाची मर्यादा ०.०५ आहे, म्हणजे आपल्याकडे पास झालेलं हे ०.१६ वालं दूध तिथं नापास ठरेल.

गावच्या डेअरीच्या काट्यावर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) लागते. एम-१ लागत नाही. ते कळलंच तर फार वरच्या पातळीवर कळतं आणि तोवर वीस गावांचं दूध एका टँकरमध्ये मिसळलेलं असतं. म्हणून तपासायची जागा पेंडीचं पोतं हीच आहे.

आता सेक्रेटरींच्या मुद्द्याकडे येतो. त्यांची शंका पोकळ नाही. मिलवाला स्वतःच प्रयोगशाळा निवडतो, स्वतः नमुना पाठवतो आणि बिल स्वतः भरतो, अशी पद्धत असेल तर चांगल्या पोत्यातलाच नमुना जाणार. पण इथं दोष पैसा कुणाच्या खिशातून आला यात नाही. नमुना कोण काढतो, अहवाल कोणाकडे जातो आणि पैसे थांबवायची किल्ली कुणाकडे आहे, यात आहे. मिलवाल्यानं पैसा सरकारी खात्यात भरला, निरीक्षकानं न सांगता येऊन दुकानातून नमुना उचलला आणि अहवाल सगळ्यांना दिसेल असा लावला, तर त्या पैशाच्या जोरावर मिलवाल्याला काहीच करता येत नाही. युरोपच्या २०१७ च्या अधिकृत तपासणीच्या कायद्यात हे स्वच्छ लिहिलंय : शुल्क किती आणि कसं काढलं ते जाहीर करायचं, तपासणीच्या खर्चापेक्षा जास्त घ्यायचं नाही, आणि एकदा घेतलेलं शुल्क मागच्या दारानं कुणाला परत द्यायचं नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याचं पशुखाद्य नियंत्रण तिथल्या कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या कार्यालयाकडे आहे आणि ते उद्योगाच्या शुल्कावर चालतं. कॅलिफोर्नियात राज्यात विकल्या जाणाऱ्या खाद्याच्या टनामागे तपासणी शुल्क आहे.

आणि आपल्याकडेही ही पद्धत नवी नाही. पोत्यावर आयएसआयचा शिक्का मिळवायचा तर मिलवाल्याला भारतीय मानक ब्युरोला (बीआयएस) अर्जाचे, तपासणीचे, परवान्याचे आणि शिक्क्याचे पैसे भरावे लागतात. म्हणून ब्युरोचा माणूस मिलवाल्याचा नोकर आहे असं कुणी म्हणत नाही.

मग सगळं करातून का नको? सेक्रेटरींना दोन गोष्टी सांगा. पहिली, पशुखाद्यावर जीएसटी शून्य आहे आणि तो शून्यच राहायला हवा. जीएसटी आल्यापासून पेट्रोल-दारूसारख्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर राज्याला मालाच्या विक्रीवर आपला वेगळा कर लावता येत नाही. शुल्क मात्र लावता येतं. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत, पेंडी आणि इतर खुराकासह जनावरांच्या खाद्याचा व्यापार राज्याच्याही अखत्यारीत दिलेला आहे, आणि त्या सूचीतल्या विषयांवर शुल्क आकारायची मुभाही तिथंच आहे. दुसरी, करातून आलेला पैसा राज्याच्या एका मोठ्या तिजोरीत जातो. दुष्काळ पडला, निवडणूक आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती अशा न दिसणाऱ्या कामांना. तपासणी झाली नाही म्हणून कुणी मोर्चा काढत नाही.

शुल्काचं तसं नसतं, निदान कायद्यानं तरी नसावं. सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये आपल्याच राज्यातल्या उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला : कराच्या बदल्यात काही ठरावीक मिळेलच असं नाही, पण शुल्क हे कामासाठी घेतलेलं असतं आणि त्या कामासाठी बाजूला ठेवायचं असतं. नंतरच्या निकालांनी पै-पैचा हिशेब जुळला पाहिजे ही अट सैल केली, पण कामाशी संबंध हवा हे तत्त्व राहिलं. बाजार समितीचा (एपीएमसीचा) सेस तुम्ही वर्षानुवर्षं बघताय. त्या सेसच्या बदल्यात यार्डात काय मिळालं, असं विचारायचा हक्क जसा शेतकऱ्याला आहे, तसाच पेंडीच्या शुल्काबद्दल राहील. ठरावात 'स्वतंत्र खातं' हे दोन शब्द आलेच पाहिजेत.

कराचा वाटा मात्र सगळा सोडू नका. काही काम असं आहे की त्याचा खर्च मिलवाल्यावर टाकणं अन्यायाचं होईल. शेतातल्या मक्याला पावसाळ्यात किती बुरशी धरली हे बघणं, घरचा भरडा आणि कडबा तपासणं, शेतकऱ्याला मका वाळवायला शिकवणं, जिल्ह्यात प्रयोगशाळा उभी करणं, हे सरकारनं आपल्या पैशानं करायचं. अमेरिकेच्या २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यात एक वाटणी आहे ती मला न्याय्य वाटते : ठरलेली तपासणी सरकारी खर्चानं, पण दोष सापडला म्हणून पुन्हा यावं लागलं तर त्या फेरीचा खर्च दोषी कंपनीचा. आपण नेहमीची तपासणी टनामागच्या शुल्कातून करू आणि फेरतपासणी ज्याचा माल नापास झाला त्याच्याकडून.

आता तुमच्या भावाबद्दल. त्यांचं म्हणणं पोटतिडकीचं आहे आणि चुकीच्या पद्धतीच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. समजा प्रत्येक मिलला वर्षाला सरसकट एक लाख रुपये लावले. त्यांची मिल दिवसाला पाच टन माल काढत असेल आणि वर्षात तीनशे दिवस चालत असेल, तर त्यांचे दीड हजार टन होतात. टनाला ६७ रुपये पडतील. दिवसाला तीनशे टन काढणाऱ्या मोठ्या कारखान्याला तेच एक लाख टनामागे जेमतेम रुपयाला पडतील. अशानं लहान मिली बंद होतील आणि तपासणीचं निमित्त करून बाजार दोन-तीन मोठ्यांच्या हातात जाईल. म्हणून सरसकट फी नको, टनावर हवी. टनाला २० रुपये धरले (हा आकडा मी हिशेबासाठी घेतलाय, तो कुणी ठरवलेला नाही), तर भावाचे वर्षाला ३० हजार होतात आणि मोठ्याचे १८ लाख.

हे २० रुपये शेवटी कोण भरणार? तुम्हीच, हे सभेत लपवू नका. मिलवाला ते पोत्याच्या भावात धरणार. पन्नास किलोच्या पोत्याला एक रुपया. दिवसाला चार किलो खाणाऱ्या गाईला महिन्याला अडीच पोती, म्हणजे अडीच रुपये. ती गाय महिन्याला तीनशे लिटर दूध घालत असेल तर लिटरमागे एक पैसाही पडत नाही. आणि आजचा खर्च विचारात घ्या. ग्राहक आयोगात तक्रार केली तर माल प्रयोगशाळेत पाठवण्याआधी तपासणीची फी तक्रारदाराकडून भरून घेता येते, असं २०१९ च्या कायद्यातच आहे. म्हणजे आज पेंड तपासायचा पैसा मागितलाच तर तो जिची गाय आजारी पडली तिच्याकडून. पोत्यामागे एक रुपया सगळ्यांनी देणं याहून कितीतरी बरं.

भावाची दुसरी अडचण त्यांनी तुम्हाला सांगितली नसली तरी ती असणार, कारण मिल निपाणीजवळ आहे. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. कर्नाटकानं आपल्या हद्दीतल्या मिलींवरच शुल्क लावलं तर कागल-कोल्हापूरकडून येणारं पोतं बिनतपासणीचं आणि रुपयानं स्वस्त विकलं जाईल, आणि मार भावाला बसेल. उलट त्यांचा माल चंदगड-गडहिंग्लजला गेला तर तिथं काय? म्हणून शुल्क मिल कुठं आहे यावर न लावता राज्यात पहिली विक्री कोण करतो त्यावर लावायचं. पोत्यावर ज्याचं नाव, त्यानं तिमाहीला किती टन विकले ते कळवायचं आणि भरायचं. माल कुठला का असेना, दर एकच. परराज्यातल्या मालावर भेदभावाचा बोजा टाकायला राज्यघटनेचं कलम ३०४ आड येतं, तेव्हा सारखा दर हाच टिकणारा मार्ग आहे. सीमाभागातल्या संस्थेनं हा मुद्दा मांडला नाही तर बेंगळुरूत बसून तो कुणाला सुचणार नाही.

भावाला अजून एक गोष्ट सांगा. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये पशुखाद्यात वापरायच्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं. जानेवारीतली गोष्ट मे महिन्यात बाहेर आली. दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले आणि जूनच्या निवडणुकीत सरकार गेलं. पण सगळ्यात वाईट म्हणजे चांगला माल बनवणाऱ्यांचंही कुणी ऐकून घेईना, कारण आपला माल चांगला आहे हे दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. त्यानंतर तिथं जी संस्था उभी राहिली ती सरकारी अनुदान आणि व्यावसायिकांची वर्गणी अशा दोन्ही पैशांवर चालते, आणि ज्याची स्वतःची तपासणी पद्धत पक्की आहे त्याला वर्गणीत सूट मिळते. ही सूट ठरावात घाला. तुमचे भाऊ ओला मका परत पाठवत असतील, लॉटची नोंदवही ठेवत असतील, तर त्यांना त्याचा फायदा मिळाला पाहिजे. त्यांच्याशी सभेनंतर बोलू नका, आधी बोला. हा टनाचा हिशेब कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवा आणि ठरावाचा मसुदा त्यांना वाचायला द्या. मिलवाला म्हणून त्यांना जे खटकेल ते बऱ्याचदा खरोखरच दुरुस्त करण्यासारखं असेल.

कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर संस्थेनं एवढं तरी करावं. पेंड घेताना पोत्यावर आयएसआयचा शिक्का, आयएस २०५२ हा क्रमांक आणि परवाना क्रमांक आहे का ते बघा. तो परवाना खरा आहे का हे मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाईल ॲपवर लगेच कळतं. लॉटची चिठ्ठी आणि बिल पोतं संपेपर्यंत फेकायचं नाही. नवा लॉट उतरला की त्याच दिवशी, दुकानदारासमोर, आठ-दहा पोत्यांत पोकळ नळी खुपसून वरचा, मधला, तळाचा माल काढायचा. एकाच पोत्यातला मूठभर माल नमुना म्हणून चालत नाही, कारण बुरशीचं विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. एका कोपऱ्यात भरपूर आणि शेजारच्या पोत्यात काहीच नाही असं होतं. काढलेला माल गोणपाटावर एकत्र कालवायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, पुन्हा कालवायचा. किलोभर राहिला की कोरड्या पाकिटांत तीन भाग करून, दोघांच्या सह्या घालून सील करायचं. एक संस्थेत, एक दुकानदाराकडे, एक प्रयोगशाळेसाठी. सील केलेलं पाकीट कोरड्या, थंड जागी ठेवा. पोती फरशीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. म्हणजे 'तुमच्याकडे भिजली' हे म्हणायला जागा राहणार नाही. पुढच्या वेळी जनावरांनी तोंड फिरवलं तर हे पाकीट तुमचा साक्षीदार असेल. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला दाखल करायची फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि गोठ्यावर पोट असलेला शेतकरी तिथं ग्राहकच धरला जातो.

ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल : «कर्नाटक शासनाने पशुखाद्याच्या उत्पादन व विक्रीच्या तपासणीसाठी कायदा करावा. राज्यात प्रथम विक्री करणाऱ्याकडून, माल कोणत्याही राज्यातला असो, टनावर समान दराने शुल्क घ्यावे. ते स्वतंत्र खात्यात जमा करून फक्त तपासणीसाठी वापरावे व त्याचा जमाखर्च दरवर्षी जाहीर करावा. नमुना शासनाच्या निरीक्षकाने विक्रीच्या ठिकाणाहून, पूर्वसूचनेशिवाय काढावा. अहवाल लॉट क्रमांकासह प्रसिद्ध करावा. दोषी आढळल्यास फेरतपासणीचा खर्च दोषी उत्पादकाने द्यावा. स्वतःची तपासणी पद्धत प्रमाणित करून घेणाऱ्या लहान उत्पादकास शुल्कात सवलत द्यावी. प्रयोगशाळेची उभारणी व शेतकऱ्यांच्या घरच्या धान्य-वैरणीची तपासणी शासनाने आपल्या निधीतून करावी.»

सभेत ठराव मराठीत वाचा, इतिवृत्तात मराठीत घ्या, आणि पशुपालन खात्याला व दूध संघाला पाठवताना सोबत कन्नड भाषांतर जोडा. 'आमच्या भाषेत नव्हतं म्हणून वाचलं नाही', अशी सबब कुणाला मिळायला नको. शेजारच्या गावच्या संस्थांनाही प्रत द्या. एका संस्थेचा कागद फायलीत पडून राहतो, दहा संस्थांचा आला की उत्तर द्यावं लागतं. आणि हा विषय सभेच्या नोटिशीतच छापून घ्या. आयत्या वेळच्या विषयांत आला तर सभा संपत आलेली असते, लोक उठून धारेला निघालेले असतात आणि कुणी तरी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून तो बाजूला ठेवतं.